पहिली तारामती : अण्णा साळुंके

बदलापूर स्टेशन सोडून कर्जतच्या दिशेनें निघालेली गाडी पहिल्यानें जेथें थांबते तें वांगणी. अंतर दहाएक किलोमीटरचें. आमच्या कात्रपांतून सकाळीं गाडीला धांवणाऱ्या मंडळींपैकीं बहुतेकांचें तोंड मुंबईकडे असतें, त्यामुळें वांगणीकडे कोणी फारसें वळून पाहत नाहीं. तथापि ज्यांना चित्रपट पाहण्याची हौस आहे त्यांनीं या लहानशा गांवाचें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनीं काढलेला 'राजा हरिश्चंद्र' हा आपल्या देशांतील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट समजला जातो. १९१३ सालीं लोकांपुढें आलेल्या त्या चित्रपटाचीं बाहेरचीं दृश्यें टिपण्यासाठीं फाळके यांची मंडळी या वांगणीस उतरली होती.

त्या मुक्कामाची एक हकीकत फाळके यांच्या चरित्रांत नेहमीं सांगितली जाते. दादासाहेबांनीं मंडळी आगगाडीनें पुढें धाडिली आणि 'मी मागाहून येतों, तोंवर स्वस्थ बसा' अशी ताकीद दिली. पण नाटक्या मंडळींना स्वस्थ बसवेल तर ना! त्यांनीं पेट्या उघडल्या, राजेरजवाड्यांचे पोशाख चढविले, लांकडी तरवारी व भाले हातीं घेतले आणि वेळ घालविण्यास सुरुवात केली. गांवकऱ्यांना वाटलें, दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली, पाटलाकडून पोलिसांकडे गेली. चित्रपट हा शब्दच ज्या गांवीं पोंचलेला नव्हता तेथें मंडळींनीं जों जों खुलासा करावा तों तों संशय वाढत जावा, असें झालें. झडती झाली आणि सगळे अटकेंत पडले. दादासाहेब येऊन पोंचले तेव्हां त्यांनीं फौजदारापुढें कॅमेरा मांडला, आंत फिल्म न घालतां नुसता दांडा फिरविला आणि चित्रें कशीं घेतात याचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. मग कोठें सुटका झाली.

या पकडलेल्या 'दरोडेखोरां'च्या मंडळींत एक सडपातळ तरुण होता. हरिश्चंद्राची राणी तारामती ती हीच. त्यांचें नांव अण्णा साळुंके. आज मला बोलावयाचें आहे तें त्यांच्याविषयीं. कारण फाळके यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें, त्यांच्या नांवें १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च पुरस्कार देत आहे, आणि ज्या माणसाच्या मुद्रेवर त्यांचा पहिला चित्रपट अर्धा उभा होता, त्याचें नांव मात्र सुशिक्षित घरांतसुद्धां पुष्कळांना सांगतां येत नाहीं.

आतां पुरुषाला तारामती कां व्हावें लागलें, हें पाहूं. नाटकांत पुरुषांनीं स्त्रीभूमिका करणें ही आपल्याकडे त्या वेळीं सर्वमान्य रीत होती, हें खरें. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचें 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें होतें आणि त्यांची भामिनी पाहून प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया लुगड्याची व अंबाड्याची ढब त्यांच्यावरून उचलीत. तेव्हां फाळके यांनींहि एखादा स्त्रीपार्टी गांठला असेल असें आपल्याला वाटेल. पण तसें घडलें नाहीं. दादासाहेबांना तारामतीसाठीं स्त्रीच हवी होती. रंगभूमीवरचें अंतर, गॅसच्या बत्त्या आणि मुखलेप यांच्या आड जें झांकून जातें तें कॅमेरा झांकीत नाहीं, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. छायाचित्रणाचा आणि छपाईचा धंदा केलेला तो माणूस. यंत्राचा डोळा किती निर्दय असतो हें त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

त्यांनीं 'इंदुप्रकाशा'सारख्या पत्रांतून नटांसाठीं जाहिराती दिल्या. आलेल्या उमेदवारांचीं रूपें पाहून पुढें 'कुरूप माणसांनीं अर्ज करूं नयेत' अशी पुस्ती जोडावी लागली, असें सांगतात. पुरुष मिळाले. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठीं रंगभूमीवरचे दत्तात्रय दामोदर दाबके आले, विश्वामित्रासाठीं साने आले, रोहिदास म्हणून दादासाहेबांनीं स्वतःचा मुलगा भालचंद्र यालाच उभें केलें. तारामती मात्र मिळेना. कुलीन घरांत विचारण्याची सोयच नव्हती. म्हणून दादासाहेब वारांगनांच्या वस्तींत गेले. तेथेंहि नकार! कांहीं जणी आल्या आणि एकदोन दिवसांत निघून गेल्या. एक बाई तर चार दिवस तालमीला आली, आणि पांचव्या वेळीं तिचा 'मालक' येऊन सर्वांदेखत तिला ओढून घेऊन गेला, अशी हकीकत आहे.

येथें क्षणभर थांबावें असें मला वाटतें. ज्या स्त्रियांना समाजानें आधींच बाहेर काढिलें होतें त्यांनाहि हें काम आपल्या इभ्रतीला कमीपणा आणणारें वाटावें, याचा अर्थ काय? नाटक एका रात्रींत संपतें. चित्र मात्र गांवोगांव फिरणार, कोणीहि दोन आणे टाकून तें पाहणार, आणि आपण तेथें नसतांना आपला चेहरा परक्यांच्या डोळ्यांपुढें राहणार, ही धास्ती त्यांना नसेल असें कसें म्हणावें? ती अगदींच अडाणीपणाची होती, असें आज घरोघर छायाचित्रें काढणाऱ्या आपण तरी म्हणूं नये.

असें सांगतात कीं, या सगळ्या खटपटीनें शिणलेले दादासाहेब एके दिवशीं ग्रँट रोडच्या एका खाणावळींत बसले असतां त्यांची नजर तेथें काम करणाऱ्या एका तरुणाकडे गेली. कोणी त्याला स्वयंपाकी म्हणतात, कोणी वाढपी. सडपातळ बांधा, नाजूक चेहरा, आणि मुख्य म्हणजे हात! लांब, निमुळत्या बोटांचे हात. दादासाहेबांनीं पगार विचारला. दहा रुपये महिना. त्यांनीं पंधरा देऊं केले, आणि अण्णा साळुंके तारामती झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण पांच रुपयांच्या वाढीवर येऊन हंसतात आणि थांबतात. मला तीं बोटें अधिक महत्त्वाचीं वाटतात. मूकपटांत बोलणें नाहीं, गाणें नाहीं. मधून मधून अक्षरांच्या पाट्या येत, पण त्या वाचतां न येणारे प्रेक्षकच जास्त. भाव पोंचवावयाचा तो चेहऱ्यानें आणि हातांनीं. हात जोडणें, पदर सांवरणें, मुलाच्या अंगावरून हात फिरविणें, यांतून तारामती दिसावयाची. बालगंधर्वांजवळ गळा होता. गळ्याच्या जोरावर त्यांना पुष्कळ कांहीं माफ होतें. या खाणावळींतल्या तरुणाजवळ तशी आयती भीड घालणारी कांहींच वस्तु नव्हती. त्यांच्या पाठीशीं नाटकमंडळीचें नांवहि नव्हतें.

पुरुष मिळाला म्हणून अडचणी संपल्या असें नाहीं. मिशांचा प्रश्न निघाला. वडील वारल्यावांचून मिशी उतरवावयाची नाहीं, हा आपल्याकडचा जुना संकेत. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनीं मिशी काढण्यास साफ नकार दिला, आणि दादासाहेबांना त्यांची व त्यांच्या घरच्यांची समजूत घालीत बसावें लागलें. मीं शाळेंत असतांना स्नेहसंमेलनांत मुलांनींच द्रौपदी आणि सत्यभामा व्हावयाचें, हा प्रकार आमच्याकडे अजून चालू होता. त्या वयांत मिशी नव्हती, तरी साडी नेसल्यावर सवंगडी वर्षभर चिडवीत, म्हणून चांगलीं चांगलीं मुलें भूमिका नाकारीत. तेव्हां बाप जिवंत असतां मिशी उतरवून त्या तरुणांनीं काय पत्करलें, याची थोडीशी कल्पना मला करतां येते.

काम कसें चालें तेंहि ऐका. दादरला मथुराभुवन नांवाच्या घरीं फाळके कुटुंब राहत होतें. तोच कारखाना आणि तेंच घर. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक करीत, पोशाख धूत, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत फिल्मच्या कांठांना भोंकें पाडण्याचें व ती धुण्याचें काम करीत. कॅमेरा दादासाहेबांनीं १९१२ सालीं लंडनहून आणलेला, विल्यमसन कंपनीचा, हातानें दांडा फिरवून चालणारा. तो चालविण्यास त्र्यंबक तेलंग. प्रकाश सूर्याचा. ढग आला कीं काम थांबलें. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. तांबडें तेवढें काळें उमटे आणि निळें पांढुरकें दिसे. म्हणजे तारामतीच्या कपाळावरचें कुंकू पडद्यावर शाईच्या ठिपक्यासारखें, आणि ओठांना लालीचें एक बोट जास्त लागलें तर तोंड काळवंडलेलें. रंगभूमीवर शिकलेली रंगभूषा येथें कुचकामाची ठरे, आणि सगळें नव्यानें अजमावून पाहावें लागे.

शिवाय प्रसंग क्रमानें घेतले जात नसत. नाटकांत नट पहिल्या अंकापासून शोकाची पायरी चढत जातो. येथें आज स्मशान, उद्यां राजवाडा. बाहेरच्या चित्रणाच्या वेळीं भालचंद्र खेळतां खेळतां पडला, डोक्याला खडक लागून बेशुद्ध झाला. सर्वांनीं त्याला मुंबईस न्यावें असें म्हटलें. दादासाहेबांनीं औषधोपचार केला, पण कथेप्रमाणें रोहिदासाला निश्चेष्ट पडलेलें दाखवावयाचेंच होतें, म्हणून मुलगा शुद्धीवर येण्यापूर्वीं चितेवरचें तें दृश्य टिपून घेतलें. ही हकीकत दादासाहेबांच्या ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून कौतुकानें सांगण्याचा प्रघात आहे. मला ती वाचतांना दरवेळीं अंगावर कांटा येतो, आणि कौतुक करावें कीं नाहीं तें ठरवितां येत नाहीं.

२१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांसाठीं, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें सर्वांसाठीं हा चित्रपट दाखविला गेला. चार रिळें, ३,७०० फूट. तेवढ्यावर लोकांचें समाधान होईल असा मालकांना भरंवसा नसल्यामुळें सोबत एका परदेशी बाईचा नाच, पायांनीं वस्तु झेलण्याचे कसरतीचे खेळ आणि विनोदी फितीहि ठेवल्या होत्या. लोक आले ते मात्र हरिश्चंद्र-तारामतीसाठीं.

त्याच वर्षीं दादासाहेबांनीं नाशिकास मुक्काम हलविला आणि 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यांत पार्वतीचें काम दुर्गाबाई कामत यांनीं आणि मोहिनीचें त्यांची कन्या कमळाबाई यांनीं केलें. भारतीय चित्रपटसृष्टीच्या या पहिल्या दोन स्त्रिया. कमळाबाई पुढें गोखले झाल्या. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. म्हणजे काय, कीं तारामतीनंतर अवघ्या कांहीं महिन्यांत स्त्रिया मिळाल्या. मग साळुंके यांचें काम संपलें असेंच कोणालाहि वाटेल. पण वाट इतकी सरळ नव्हती. एक-दोघी आल्या म्हणून दार उघडलें नाहीं. १९२० सालीं कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं 'सैरंध्री' काढला तेव्हां त्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनाहि समाजाचा रोष सोसावा लागला. आणि मराठी रंगभूमीवर 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत कुलीन स्त्रियांनीं स्त्रीभूमिका केल्या तें साल १९३३. १९१३ नंतरचीं कांहीं वर्षें तरी स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांवांचून पडदा चालणारा नव्हता.

साळुंके यांची खरी कीर्ति झाली ती १९१७ सालच्या 'लंकादहना'नें. या चित्रपटांत राम तेच आणि सीताहि तेच! एकाच नटानें दोन प्रमुख भूमिका करण्याचें हें आपल्याकडील पहिलें उदाहरण म्हणून सांगितलें जातें. हनुमानाचें काम गणपत शिंदे यांनीं केलें. आजचा प्रेक्षक विचारील कीं, एक माणूस दोन जागीं कसा? कॅमेऱ्यांतील अर्धी चौकट झांकून एकदां चित्र घ्यावयाचें, फिल्म मागें गुंडाळून दुसरी अर्धी उघडून पुन्हां घ्यावयाचें, ही युक्ति त्या काळच्या कसबी चित्रकारांना माहीत होती आणि दादासाहेब अशा युक्त्यांत निष्णात होते. परंतु लंकादहनाच्या कथेंत तिची फारशी गरजहि नव्हती. सीता अशोकवनांत, राम समुद्रापलीकडे. दोघांचा विरह हाच कथेचा गाभा. एक वेष उतरवून दुसरा चढविला कीं काम झालें. कथेची निवडच अशी कीं अडचणीची सोय होऊन जावी, यांत मला दादासाहेबांचें व्यवहारचातुर्य दिसतें.

पण वेष बदलणें वेगळें आणि माणूस बदलणें वेगळें. त्या वेळचे प्रेक्षक पडद्यावर राम प्रकटतांच पायांतील जोडे काढीत, असें वर्णन आढळतें. गल्ल्याचीं नाणीं गोणींत भरून बैलगाडीनें न्यावीं लागलीं, अशीहि आठवण आहे. आपण ज्याच्यापुढें जोडे काढले तोच थोड्या वेळापूर्वीं अशोकवनांत डोळे टिपीत बसला होता, हें त्या लोकांना कळत नसेल काय? कांहींना नक्कीच कळत असेल. आपली भाविक माणसें भोळीं असतात, पण आंधळीं नसतात. लळितांत, दशावतारांत, रामलीलेंत आपल्या ओळखीच्या माणसाला देव मानून नमस्कार करण्याची संवय त्यांना पिढ्यानपिढ्यांची होती. गांवचा सुतार रात्रीं राम होई, तेवढ्यापुरता तो राम. सकाळीं पुन्हां सुतार. साळुंके यांना प्रेक्षक लाभले ते या शाळेंत तयार झालेले. आणि म्हणूनच कीं काय, ज्या नटापुढें लोकांनीं जोडे काढले त्याचें नांव विचारण्याची गरज त्यांना भासली नाहीं.

याच सुमारास अमेरिकेंत काय चाललें होतें तें ताडून पाहण्यासारखें आहे. तेथेंहि पहिलीं कांहीं वर्षें कंपन्या नटांचीं नांवें छापीत नसत. नांव झालें तर पगार वाढवून मागतील ही भीति. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी लोकांच्या आवडीची झाली तरी प्रेक्षक तिला 'बायोग्राफ कंपनीची मुलगी' एवढेंच म्हणत. कार्ल लेम्ली या धूर्त चालकानें तिला आपल्याकडे ओढलें आणि १९१० सालीं वर्तमानपत्रांतून तिच्या नांवाचा डांगोरा पिटला. तेथून पुढें नट हाच चित्रपटाचा बाजार झाला. पुढें चेहऱ्याची मोहिनी ओसरल्यावर त्याच बाईला बारीकसारीक कामें करावीं लागलीं, आणि १९३८ सालीं तिनें विष घेऊन जीवन संपविलें. आपल्याकडे साळुंके यांना तसा बाजार मिळाला नाहीं. नुकसान झालें हें खरेंच. पण त्यांच्या पुढल्या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे तें सगळेंच नुकसान होतें असें म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

कारण त्यांनीं चेहऱ्यावर विसंबून राहण्याचें टाळलें. १९१८ सालीं दादासाहेबांच्या कामाला भांडवलदार मिळून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. साळुंके तेथेंहि होते. १९२२ चा 'सत्यनारायण' आणि १९२३ चा 'बुद्धदेव' यांत त्यांनीं भूमिका केल्या. पण तोंवर त्यांचें लक्ष दुसरीकडे लागलें होतें. ज्या यंत्रासमोर ते राणी म्हणून उभे राहिले, त्याच यंत्रामागें जाऊन ते छायाचित्रकार झाले, आणि मूकपटांचा जमाना संपेपर्यंत, म्हणजे १९३१ च्या सुमारापर्यंत, त्यांनीं अनेक चित्रपटांचें चित्रण केलें. अभिनय त्यांच्याकडे चालून आला होता. हें दुसरें काम त्यांनीं शिकून मिळविलें. दांडा एका लयींत फिरविणें, उन्हाचा अंदाज बांधणें, फिल्म वांया न घालविणें, हें सगळें हातांचें काम. दादासाहेबांनीं खाणावळींत ज्या हातांकडे पाहिलें ते हात शेवटीं अशा रीतीनें कामास आले. शाळेंत तीसपस्तीस वर्षें घालविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट सर्वांत अधिक भावते. शिक्षण नाहीं, पाठबळ नाहीं, आणि नुसतें जवळ उभें राहून, पाहून पाहून एक अवघड विद्या हस्तगत केलेली.

१९३१ सालीं बोलपट आला आणि मूकपटाची कारागिरी एका फटक्यासरशी जुनी झाली. बालगंधर्वांसारख्या थोर नटालाहि तो बदल मानवला नाहीं. १९३५ च्या 'धर्मात्मा'त ते एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषांत आले, पण पडद्याशीं त्यांचें सूत जमलें नाहीं. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास वारले. साळुंके यांच्या नांवाचा पुरस्कार नाहीं, पुतळा नाहीं. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट काढला, त्यामुळें नव्या पिढीला तारामतीच्या वेषांतल्या या खानसाम्याची थोडी ओळख झाली, हें त्यांतल्या त्यांत बरें.

राहतां राहिला तो चित्रपट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत 'राजा हरिश्चंद्रा'चें पहिलें व शेवटचें रीळ जतन केलेलें आहे. लांबी सुमारें १,४७५ फूट. एका फुटांत सोळा चौकटी मावतात आणि त्या वेळीं सेकंदास साधारण सोळा चौकटी फिरवीत, म्हणजे फूट आणि सेकंद सारखे धरावयाचे. तासाभराच्या खेळांतला पंचवीस मिनिटांचा भाग हातीं उरला. जुनी फिल्म ज्वालाग्राही, उष्णतेनें पेट घेणारी किंवा आपोआप कुजून जाणारी. तेवढें उरलें हेंच विशेष. हीं रिळें मूळ १९१३ चीं कीं दादासाहेबांनीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या आवृत्तीचीं, यावर अभ्यासकांत वाद आहे. 'लंकादहना'चे तर तुकडेच शिल्लक आहेत.

त्या हरिश्चंद्राच्या रिळांत हौदाचा प्रसंग आहे. राणी आणि तिच्या सख्या पाण्यांत खेळत आहेत, लुगडीं भिजून अंगाला चिकटलीं आहेत, आणि राजा तिला बोलावण्यास येतो. आपल्या चित्रपटांतलें तें पहिलें स्नानदृश्य म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवितात. ज्यांना तो तुकडा पाहावयास मिळेल त्यांनीं राणीच्या सख्यांकडे नीट पाहावें. त्या सगळ्या पुरुष आहेत. कोणाच्या दंडावरून, कोणाच्या चालण्यावरून तें चटकन् कळतें. तारामतीच्या बाबतींत मात्र थोडा वेळ लागतो.